एक मैदान, पन्नास शरीरे: खान्देशातील नव्या क्रीडामार्गदर्शकांसाठी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील शाळांमध्ये क्रीडाशिक्षक म्हणून नव्याने रुजू झालेल्या, किंवा गावातल्या मंडळात संध्याकाळी मुलांना कबड्डी, खो-खो, धावणे शिकवण्याची जबाबदारी स्वतःहून घेतलेल्या तरुणांसाठी हा लेख आहे. त्यांच्यासमोर पहिल्याच दिवशी चाळीस-पन्नास मुले उभी राहतात, वेळ जेमतेम तासाभराचा असतो आणि पावसाळा संपत नाही तोच तालुका स्पर्धा तोंडावर येतात. अशा वेळी सगळ्यांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावायच्या आणि जे पुढे राहतील त्यांचा संघ करायचा, ही पद्धत सोयीची वाटते. परंतु या पद्धतीने प्रामुख्याने लवकर वाढलेली मुले निवडली जातात आणि ज्यांच्यात खेळ आहे अशी कित्येक मुले सातवी-आठवीतच मैदानाबाहेर जातात. हे नुकसान टाळता येते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक जाड वही, मोजपट्टी, वजनकाटा आणि घड्याळ असलेला मोबाइल एवढे पुरते.

पहिली पायरी: प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान

पहिल्या आठवड्यात सराव हलका ठेवावा आणि प्रत्येक मुलाशी पाच मिनिटे बोलावे. पानावर जन्मतारीख, उंची, वजन, पूर्वीची दुखापत किंवा आजार, चष्मा आहे का, कोणता हात आणि कोणता पाय पुढे चालतो, हे लिहावे. त्यानंतरचे दोन प्रश्न बहुतेक मार्गदर्शक विचारत नाहीत, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रश्न म्हणजे मैदानावर येण्यापूर्वी हे मूल दिवसभर काय करते. कापूस वेचणीच्या दिवसांत अनेक मुले शाळेआधी किंवा सुट्टीच्या दिवशी आईवडिलांबरोबर शेतात असतात. रावेर-यावल पट्ट्यात काहींच्या घरी केळीच्या बागेतले काम असते. धडगाव-अक्कलकुवा भागातील काही मुले पाड्यावरून डोंगर उतरून शाळेत येतात आणि संध्याकाळी तोच चढ चढून घरी जातात. अशा मुलाच्या पायांवर सराव सुरू होण्याआधीच मोठा भार पडलेला असतो. दुचाकीवरून सोडल्या जाणाऱ्या मुलाला आणि या मुलाला तेवढ्याच फेऱ्या दिल्या, तर दुसरा मागे पडतो आणि त्याच्या पानावर ‘दम कमी’ असा शेरा येतो. तो शेरा चुकीचा असतो.

दुसरा प्रश्न घरच्या भाषेचा आहे. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत भराभर दिलेली सूचना अर्धीच कळते आणि ते शेजाऱ्याकडे पाहून हालचाल करते, म्हणून ते क्षणभर उशिरा निघते. खो-खोत तेवढ्या उशिराने गडी बाद होतो. सूचना सांगण्याआधी हालचाल करून दाखवावी आणि त्या मुलांच्या भाषेतले चार शब्द आपण शिकावेत. ज्याला आपण मंद समजत होतो त्या मुलाची प्रतिक्रिया पुष्कळदा तेवढ्यानेच सुधारते.

येथेच एक इशारा देतो. आदिवासी मूल म्हणजे जन्मजात धावपटू, असे अनेकजण कौतुकाने म्हणतात. हे कौतुक घातक आहे. त्यामुळे अशा प्रत्येक मुलाला लांब पल्ल्याच्या शर्यतीत ढकलले जाते आणि त्याच्यातला उत्तम पकडपटू किंवा भालाफेक करणारा कोणी शोधतच नाही. दोन समाजांच्या सरासरीत जो फरक दिसतो त्याहून एकाच पाड्यावरच्या दोन भावंडांत अधिक फरक असू शकतो, म्हणून पान मुलाच्या नावाचे असावे, जातीचे किंवा गावाचे नसावे.

दुसरी पायरी: वय आणि वाढ वेगवेगळी मोजावी

ही पायरी सर्वांत अधिक काळजीने करावी, कारण कुमारवयातील कामगिरीतला मोठा फरक इथूनच येतो.

शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात आणि वयाची गणना कॅलेंडर वर्षानुसार होते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला, असे दोघे एकाच गटात येतात. तेरा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर लहान नसते. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंचा अभ्यास १९८० च्या दशकात झाला, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू संघांत जास्त असल्याचे दिसले. नंतर फुटबॉलसह अनेक खेळांत हेच आढळले. मोठे मूल निवडले जाते, निवडले गेल्यामुळे त्याला अधिक सराव आणि अधिक सामने मिळतात, आणि दोन वर्षांनी ते खरोखरच सरस दिसू लागते. आपल्या संघातील मुलांचे जन्ममहिने एका ओळीत लिहून पाहावेत. ते जानेवारी ते एप्रिलकडे झुकलेले दिसले तर आपली निवड कौशल्यापेक्षा वयाची झाली आहे, अशी शंका घ्यावी. जन्मतारखेत फेरफार करून मोठे मूल खालच्या गटात खेळवण्याचा मोह मात्र कधीही धरू नये. त्यात दुसऱ्या एका मुलाची जागा चोरली जाते आणि आपल्या मुलाच्या गळ्यात कायमचा कलंक बांधला जातो.

जन्मतारखेपेक्षाही मोठा फरक शरीराच्या वाढीचा आहे. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढण्याचा काळ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो आणि मुलांचा चौदाव्या वर्षाच्या आसपास. परंतु ही सरासरी झाली. काही मुलांत हा काळ दोन वर्षे आधी येतो, तर काहींत दोन वर्षे उशिरा. म्हणजे आठवीच्या एकाच वर्गात एका मुलाचा आवाज फुटलेला, खांदे रुंद झालेले असतात आणि त्याच्या शेजारचा अजून लहान मुलासारखा दिसतो. पहिल्याची चढाई थांबवणे दुसऱ्याला शक्य नसते, पण त्यावरून दुसऱ्याला कबड्डी येत नाही असे ठरत नाही. उशिरा वाढणारी मुले उंचीत पुढे बरोबरी साधतात. मधल्या दोन-तीन वर्षांत आपण त्यांना खेळात टिकवून ठेवले की नाही, एवढाच प्रश्न उरतो. शालेय कबड्डीत वजनमर्यादा असते त्यामागे हाच विचार आहे, परंतु सरावात आपण ती विसरतो. सरावाच्या लढती वजनाच्या आणि उंचीच्या जवळच्या जोड्यांत लावाव्यात. तालमीतले वस्ताद जोड पाहूनच कुस्ती लावतात, ती रीत मैदानावरही आणावी.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उंची घ्यावी. वेळ सारखी ठेवावी, कारण दिवसभरात माणसाची उंची सेंटीमीटरभर कमी होते. तीन महिन्यांत उंची दोन सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक वाढली, तर ते मूल वाढीच्या वेगवान टप्प्यात आहे असे समजावे. या टप्प्यात हाडे आधी लांबतात आणि स्नायू मागून येतात, त्यामुळे काल नेमका सूर मारणारा मुलगा आज अडखळतो, उडीचा अंदाज चुकतो, आणि गुडघ्याच्या वाटीखाली जिथे स्नायूचा कंडरा हाडाला जोडलेला असतो तिथे दुखू लागते. या वेदनेकडे आळस म्हणून पाहू नये. उड्या, पायऱ्या चढणे आणि कडक जमिनीवरचे धावणे काही आठवडे कमी करावे, तोल आणि ताणाचे व्यायाम वाढवावेत, आणि दुखणे रात्रीही राहत असेल किंवा सूज असेल तर डॉक्टरांना दाखवावे. आपली काळ्या मातीची मैदाने उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होतात आणि पावसाळ्यात पायाला लोळा धरतात. दोन्ही अवस्था या मुलांना त्रासाच्या असतात.

तिसरी पायरी: चाचणी घ्यावी, पण दोन चाचण्या शेजारी ठेवून वाचावी

खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत ५० मीटर आणि ६०० मीटर धावणे आहे, ते बहुतेक शाळांना ठाऊक आहे. त्याच्या जोडीला जागेवरून लांब उडी घ्यावी. या तीनांत प्रत्येक मुलाचा आपल्या गटातला क्रमांक लिहावा आणि नुसता क्रमांक न पाहता त्यांतला मेळ पाहावा.

माणसाच्या स्नायूंत जलद आकुंचन पावणारे आणि सावकाश पण दीर्घकाळ काम करणारे असे तंतू असतात; त्यांचे प्रमाण माणसागणिक वेगळे असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. उडीत आणि ५० मीटरमध्ये पुढे असणारे पण ६०० मीटरमध्ये खूप मागे पडणारे मूल बहुधा स्फोटक ताकदीचे असते. त्याला दोन धावांच्या मध्ये पूर्ण विश्रांती द्यावी, नाहीतर त्याचा वेग मरतो. याउलट ज्याचा क्रमांक अंतर वाढत जाईल तसा सुधारतो, त्याला छोट्या विश्रांतीच्या लांब फेऱ्या मानवतात. केळीला नियमित ठिबकचे पाणी लागते आणि दादर ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, हे खान्देशातल्या शेतकऱ्याच्या पोराला वेगळे सांगावे लागत नाही. सरावाच्या मात्रेचेही तसेच आहे.

जनुकांची तपासणी करून मुलाचा खेळ ठरवून देतो असे सांगणाऱ्या जाहिराती हल्ली दिसतात. पालकांनी विचारल्यास त्यांना स्पष्ट नकार द्यावा. वेगवान स्नायूंशी संबंध असलेले काही जनुकीय फरक संशोधकांना सापडले आहेत हे खरे. परंतु एका जनुकाचा कामगिरीवरील परिणाम फार लहान असतो आणि त्यावरून बारा वर्षांच्या मुलाचे भवितव्य सांगता येत नाही.

चौथी पायरी: सहा-आठ आठवड्यांनी प्रगती पाहावी

पहिली चाचणी सद्यस्थिती सांगते, क्षमता सांगत नाही. याचा चांगला पुरावा ‘हेरिटेज’ नावाच्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात आहे. त्यात पूर्वी व्यायाम न करणाऱ्या कुटुंबांना २० आठवडे सारख्याच पद्धतीचा सायकलचा व्यायाम दिला गेला. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, यात सरासरी सुमारे ४०० मिलिलिटरची वाढ झाली. परंतु काहींची वाढ जवळपास शून्य होती आणि काहींची एक लिटरच्या आसपास. एकाच घरातल्या माणसांचा प्रतिसाद एकमेकांशी जुळता होता, म्हणजे आनुवंशिकतेचा भाग होता. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सुरुवातीची क्षमता किती होती यावरून कोण किती सुधारेल हे ओळखता येत नव्हते.

हा निष्कर्ष प्रौढांवरचा आहे, पण तो मैदानावर रोज उपयोगी पडतो. जून-जुलैच्या चाचणीत विसावे आलेले मूल सप्टेंबरमध्ये सातवे असू शकते. म्हणून वहीच्या पानावर क्रमांकाशेजारी ‘स्वतःच्या मागील वेळेपेक्षा किती’ असा रकाना ठेवावा. ज्याच्यात दोन महिन्यांत काहीच बदल दिसत नाही, त्याला काढून टाकण्याआधी सराव बदलून पाहावा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा आठवड्यांच्या व्यायामाला प्रतिसाद न देणाऱ्यांना आठवड्यात दोन सत्रे वाढवून दिली, तेव्हा ते सर्वजण सुधारले. अर्थात मात्रा वाढवण्याआधी त्या मुलाची झोप, जेवण आणि घरचे काम तपासावे, कारण कधी कधी सरावाऐवजी विश्रांतीच वाढवायची असते.

मात्रा मोजण्यासाठी सराव संपल्यावर काही वेळाने प्रत्येकाला विचारावे, ‘आजचा सराव शून्य ते दहापैकी किती जड वाटला?’ त्या आकड्याला मिनिटांनी गुणावे. साठ मिनिटांच्या सरावाला एकाने ४ सांगितले तर त्याचा भार २४० झाला. दुसऱ्याने ८ सांगितले तर ४८०. दोघांनी केलेले काम तेच होते, शरीराने घेतलेले ओझे दुप्पट होते. पन्नास मुलांना रोज विचारणे जमणार नाही, तेव्हा मागे पडणाऱ्या आणि फार पुढे असणाऱ्या आठ-दहा जणांपासून सुरुवात करावी.

पाचवी पायरी: रक्त, ऊन आणि पाणी

धापा टाकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आणखी पळवण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. हिमोग्लोबिन कमी असलेल्या शरीरात स्नायूंना पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही. तिथे जिद्द वाढवून काही होत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी मिळते. ती खरोखर घेतली जाते का, याकडे लक्ष द्यावे आणि जेवणानंतर लगेच चहा टाळायला सांगावे, कारण चहाने लोहाचे शोषण घटते. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, डाळी, शेंगदाणे, पालेभाजी, त्यावर लिंबू, आणि सरावाआधी एखादे केळे असा आहार आपल्याकडे बहुतेक घरांत जमण्यासारखा आहे. डब्यातल्या महाग पावडरींची गरज नाही.

नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्यांनी सिकलसेलविषयी माहिती असल्याशिवाय शिट्टी हातात घेऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन. हा आनुवंशिक रक्तविकार आहे आणि या भागातील आदिवासी समाजात तो बऱ्याच प्रमाणात आढळतो. दोन्ही पालकांकडून दोषी जनुक आलेले मूल रुग्ण असते. त्याने किती आणि कोणता खेळ खेळावा हे डॉक्टरांनी सांगावे. एकाच पालकाकडून आलेले मूल वाहक असते. वाहक मूल सर्व खेळ खेळू शकते, त्याला संघाबाहेर ठेवणे हा अन्याय आहे. परंतु कडक ऊन, कमी पाणी आणि एका दमात सलग जोरदार धावा हे त्याच्यासाठी धोक्याचे ठरू शकते. सराव हळूहळू वाढवावा, मध्ये विश्रांती द्यावी, पाणी मागेल तेव्हा द्यावे. असे मूल पाय गळाल्याचे, स्नायू दुखत असल्याचे किंवा श्वास लागल्याचे सांगत खाली बसले, तर त्याला उठवून पळवू नये. सराव थांबवावा, सावलीत न्यावे आणि तातडीने दवाखान्यात पोहोचवावे. तपासणीचा निकाल वहीत सांकेतिक खुणेने लिहावा. तो इतर मुलांसमोर कधीही उच्चारू नये.

उन्हाच्या बाबतीत सर्वांनाच सावध राहावे लागते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि तीही प्रत्येकाला सारख्या वेगाने होत नाही. जाड मुले, नुकतीच तापातून उठलेली मुले आणि सुट्टीत घरात बसलेली मुले यांना अधिक वेळ लागतो. उन्हाळी शिबिर सकाळी साडेआठच्या आत संपवावे.

सहावी पायरी: मुलींचे पान अधिक विश्वासाने लिहावे

पाळी आली की सातवी-आठवीतल्या अनेक मुली मैदानावर येणे थांबवतात. कारण क्षमतेचे नसते. स्वच्छतागृह, कपडे आणि संकोच यांचे असते. पुरुष मार्गदर्शक असेल तर शाळेतील एखाद्या बाईंना किंवा गावातल्या आशाताईंना सोबत घ्यावे आणि पाळीच्या दिवसांत ‘आज हलका सराव’ एवढे सांगण्याची मुभा प्रत्येकीला द्यावी, कारण विचारू नये. काही मुलींच्या कामगिरीवर त्या दिवसांत काहीच परिणाम होत नाही, काहींना पोटदुखीने उभे राहवत नाही. सरसकट सुट्टी आणि सरसकट सक्ती दोन्ही चुकीच्या आहेत. सराव वाढल्यावर पाळी तीन महिने आली नाही, तर ती मुलगी खर्चाच्या मानाने कमी खात असण्याची शक्यता असते आणि डॉक्टरांचा सल्ला आवश्यक ठरतो.

झटक्यात दिशा बदलण्याच्या खेळांत मुलींना गुडघ्याच्या आतील अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा अधिक प्रमाणात होते, आणि खो-खो व कबड्डी हे नेमके तसेच खेळ आहेत. उडीनंतर गुडघे वाकवून, ते आत न झुकवता, आवाज न करता जमिनीवर येणे हे रोजच्या वॉर्मअपमध्ये दहा मिनिटे घ्यावे.

सातवी पायरी: स्वभाव ओळखून बोलावे

सामन्याआधी एक मुलगा ओरडून, टाळ्या वाजवून पेटतो, तर दुसऱ्याला कोपऱ्यात शांत बसावेसे वाटते. प्रत्येक खेळाडूची कामगिरी ज्या उत्तेजित अवस्थेत सर्वोत्तम होते ती अवस्था वेगवेगळी असते, हे रशियन क्रीडामानसशास्त्रज्ञ युरी हानिन यांनी मांडले आहे. चांगल्या सामन्यानंतर मुलाला विचारावे की सुरुवातीपूर्वी त्याला कसे वाटत होते, आणि वाईट सामन्यानंतरही तेच विचारावे. पाच-सहा सामन्यांत त्याची तऱ्हा कळते. चूक सर्वांसमोर दाखवली तर काही मुले हट्टाने सुधारतात, बरीचशी मिटून जातात. शंका असेल तेव्हा बाजूला घेऊन सांगावे.

आठवी पायरी: जागा शोधून द्यावी

एवढी माहिती हातात आल्यावर संघातल्या जागांचा विचार वेगळ्या रीतीने होतो. बुटका, चपळ आणि झुकांडी देणारा मुलगा खो-खोत बचावाला उपयोगी. लांब हातांचा आणि खांबावर सूर मारण्याचे धाडस असलेला आक्रमणाला. कबड्डीत डाव्या पायाने पुढे येणारा चढाईपटू समोरच्या बचावाला गोंधळात टाकतो, म्हणून डावखुऱ्याची सवय मोडू नये. कुस्तीत शरीराचे वैविध्य किती सामावते हे पाहायचे असेल तर दोन मल्ल आठवावेत: १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये बँटमवेट या हलक्या वजनगटात कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव, आणि चाळीसगाव तालुक्यातून येऊन २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा उचलणारे धिप्पाड विजय चौधरी. खेळ बदलूनही पाहावा. साताऱ्याच्या ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत होत्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या.

म्हणून पहिल्या वर्षी कोणत्याही मुलाला एकाच खेळात बांधू नये आणि नकाराची यादी करू नये. तालुका स्पर्धेसाठी बारा नावे पाठवावीच लागतात. ती पाठवावीत, पण उरलेल्यांचा सराव चालू ठेवावा आणि दिवाळीनंतर सर्वांची उंची, वजन आणि तिन्ही चाचण्या पुन्हा घ्याव्यात. बदली झाली किंवा मूल दुसऱ्या शाळेत गेले, तर त्याच्या पानाची प्रत पुढच्या मार्गदर्शकाकडे द्यावी, आरोग्याची सांकेतिक नोंद मात्र पालकांना विचारूनच.